चार दिवस तो जंतू कशावर जगला

सर्व सुजाण वाचकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मलेरियाच्या जंतूला मायटोकाँड्रिया एकच असते. दुसरी नसते. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी त्या पुष्कळ बाळगतात, पण हा गडी एकीवर भागवतो. त्या एकुलत्या एका मायटोकाँड्रियाला पातळ पडदे असतात. पडदे चरबीचे असतात. त्या चरबीतला एक खास प्रकार तयार करणारा एक एन्झाइम असतो, आणि त्या एन्झाइमशी मुळशी तालुक्यातल्या एका घराण्याची, म्हणजे आमच्या घराण्याची, अब्रू गेल्या वर्षी बांधली गेली होती. वाचकांनी उभं राहण्याची गरज नाही. बसूनच वाचावं.

मी कोण, हे आधी सांगतो. पौडला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आधार कार्ड, जन्माचा दाखला, जे कुणी पुढे करेल त्याची प्रत काढून देतो. स्पायरल बायंडिंगही करतो. हा पोटाचा धंदा. खरं काम मला वर्षातून एकदाच असतं. धरणाच्या काठावरच्या आमच्या गावात जत्रेला नाटक होतं आणि त्या नाटकाचा सत्तावीस वर्षं मी प्रॉम्प्टर आहे. डाव्या विंगेत, पडद्याच्या आड, हातात दोनशेपानी वही घेऊन मी उभा असतो. नट अडकला की त्याला पुढचं वाक्य कुजबुजून देतो. माझी कुजबुज चांगली आहे, असं सगळे म्हणतात. एका वर्षी मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी सरपंचांकडे तक्रार केली की नाटक दोनदा ऐकू आलं. मी ती तक्रार दाद म्हणून जपून ठेवली आहे.

प्रॉम्प्टरला वाचता आलं की झालं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. त्याला थांब्यांची जात ओळखता यावी लागते. एक थांबा अभिनयाचा असतो, दुसरा विसरल्याचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या उमेदवारीच्या काळात आमचा मुख्य नट मुलीला घराबाहेर काढायच्या प्रसंगात थांबला. डोळ्यांत पाणी, ओठ थरथरताहेत, समोर बाया पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. मला वाटलं विसरला. मी आतून खणखणीत सांगितलं, "चालती हो!" ती मुलगी माझंच ऐकून चालती झाली. नट दोन महिने माझ्याशी बोलला नाही. त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला आणि एक नियम बसवला. अभिनय करणारा समोरच्याकडे बघतो. विसरलेला डावीकडे बघतो, कारण डावीकडे मी असतो. हा नियम पुढे येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा.

आता नायिका. माझ्या थोरल्या भावाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, पुण्यातल्या एका संस्थेत मलेरियाच्या जंतूवर पीएच.डी. करत होती. भाऊ भातशेती करतात आणि घराच्या माडीवरच्या दोन खोल्या शनिवार-रविवारी पर्यटकांना देतात. वहिनी उरलेलं सगळं करतात. पोरगी पाच वर्षं प्रयोगशाळेत होती. त्या पाच वर्षांत ती जत्रेला एकदाही पूर्ण दोन दिवस राहिली नाही. यायची, देवाला नारळ फोडायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत.

"जंतूंना खायला घालायचंय," म्हणायची.

ते जंतू ती प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत, माणसाच्या रक्तात वाढवायची. रोज बघावं लागायचं, रोज नवीन खाणं घालावं लागायचं. वहिनींना गावात कुणी विचारलं की पोरगी का थांबत नाही, तर त्या सांगायच्या, "तिच्याकडं जनावरं हायेत." यावर आमच्या गावात कुणी पुढे विचारत नाही. ज्याच्या दावणीला जनावर आहे तो मुक्कामाला राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. एकदाच शेजारच्या म्हातारीने विचारलं, "दुभती हायेत का?"

"न्हाई," वहिनी म्हणाल्या, "समदी भाकड."

दुसरा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नसे. पोरीचं शिक्षण कधी संपणार? वहिनींचं उत्तर पाच वर्षं एकच होतं: एक वर्स राह्यलंय. पहिल्या वर्षी त्यांनी ते खात्रीने सांगितलं, दुसऱ्या वर्षी आशेने, आणि पुढे पुढे तर समोरच्याने तोंड उघडायच्या आतच सांगू लागल्या.

शेवटी प्रबंध लिहून झाला. त्याच्या घरासाठीच्या प्रती मीच काढल्या, मीच बांधल्या. ज्या यंत्रावर सकाळी तीन गुंठ्यांच्या वाटणीचे कागद निघाले होते, त्याच यंत्रावर दुपारी मायटोकाँड्रियाचे रंगीत फोटो निघाले. यंत्राने दोन्हींत भेद केला नाही. दोन्ही वेळा कागद अडकला.

मग राहिली तोंडी परीक्षा. ती उघड्या सभागृहात होते, कुणीही येऊन बसू शकतं. बाहेरून एक परीक्षक येतात, संस्थेतले एक अध्यक्ष असतात. उमेदवाराने आपलं काम सांगायचं, मग प्रश्नांना तोंड द्यायचं. पुतणीच्या मार्गदर्शक बाईंनी तिला सांगितलं होतं की, या विषयातलं ज्याला काही कळत नाही अशा माणसासमोर तालीम कर. तिने माझी निवड केली. आमच्या घरात दुसरे दोन तुल्यबळ उमेदवार असताना तिने माझी निवड केली, याचा मला अभिमान आहे.

तालमी माडीवरच्या 'लेक व्ह्यू' खोलीत झाल्या. आठवड्याच्या मधल्या वारी ती रिकामी असते. खिडकीतून शेजाऱ्यांचा गोठा दिसतो. त्याच्या पलीकडे तळं आहे, हे पर्यटकांना सांगावं लागतं. मी परीक्षक म्हणून भावाचा चष्मा लावला आणि खांद्यावर शाल घेतली. वहिनी दारात सूप घेऊन आंबेमोहर निवडत बसल्या. भाऊ पलंगाच्या कडेवर.

"प्रश्न पहिला," मी खर्जात म्हणालो, "आपण पाच वर्षे काय केलेत?"

"काका, असं कोणी विचारत नाही."

"मी विचारतोय."

"बरं. मी एक एन्झाइम बंद करून बघितला."

"खुलासा करा."

तिने केला. जंतूच्या मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यात चरबीची एक खास जात असते. पडद्यात बसवलेली सगळी यंत्रं ती जागच्या जागी धरून ठेवते. ती चरबी बनवण्याचं काम या एन्झाइमचं. जंतूच्या एन्झाइमची घडण माणसाच्या एन्झाइमपेक्षा वेगळी आहे. म्हणजे फक्त त्याचाच हात धरणारं औषध सापडलं तर जंतू मरेल आणि माणसाला काही होणार नाही. जुन्या औषधांना जंतू सरावत चाललाय, म्हणून नवीन जागा शोधायच्या.

"पण मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर," मी मध्येच म्हणालो. एवढं मला शाळेतलं आठवत होतं. "वीजघर बंद केल्यावर कोण जगेल? यात शोध कसला?"

"तिथंच तर गंमत आहे. माणसाच्या रक्तात असताना हा जंतू तिच्याकडून वीज जवळजवळ घेतच नाही. साखर मोडून भागवतो. तिचं काम वेगळंच आहे. पिल्लं करायची तर डीएनए लागतो, आणि त्याचा कच्चा माल तिच्या मदतीशिवाय तयार होत नाही."

"म्हंजी आपल्या धरनावानी," भाऊ पलंगावरून म्हणाले. "धरन आपल्या खोऱ्यात, वीज मुंबईला."

पुतणीने हे वाक्य लिहून घेतलं. भाऊ त्या दिवशी जेवताना कुणाशी बोलले नाहीत. विचारवंताची पहिली संध्याकाळ अशीच जाते.

आता मुख्य प्रसंग. ती सांगत होती की तिने जंतूत एक खटका बसवला. ठरावीक औषध घातलं की एन्झाइम चालू, काढलं की बंद.

"बंद केल्यावर काय झालं?" मी शाल सावरत विचारलं.

"जंतू मेला."

"लगेच?"

"नाही. रक्तात त्याची एक पिढी दोन दिवसांची असते. दोन दिवसांत एकाचे दीड-दोन डझन होतात. एन्झाइम बंद केल्यावर दोन पिढ्या तो व्यवस्थित चालला. तिसऱ्या पिढीत मायटोकाँड्रियाचे पडदे बिघडले आणि मेला."

सुपाचा आवाज थांबला. वहिनी तांदळातून मान वर करून म्हणाल्या, "चूल इझली, आन् चार दीस जगला? खाल्लं काय मग त्यानं?"

गोठ्यातली म्हैस तेवढी बोलली.

"आई, हाच प्रश्न आहे," पुतणी म्हणाली.

पण मी तयार होतो. सत्तावीस वर्षं रंगमंचामागे काढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला पीएच.डी. लागत नाही. आमच्या नाटकाचे पडदे ओढायच्या दोऱ्या एक माणूस वळून देतो. समजा, नाटक सुरू झालं आणि तो रुसून घरी गेला. पडदा काय लगेच पडतो? आधी वळलेल्या दोऱ्या असतात. पहिले दोन अंक त्यावर निघतात. तिसऱ्या अंकात दोरी तुटते आणि पडदा राजाच्या डोक्यावर येतो.

"साठा!" मी चष्मा काढून म्हणालो. "आईने करून ठेवलेला साठा! तो लेकरांत वाटला गेला. त्यांचा त्यांच्या लेकरांत. वाटून वाटून तिसऱ्या पिढीला उरला नाही."

"असंच असेल," पुतणी म्हणाली. "मलाही तसंच वाटतं. पण काका, हे मी मोजलेलं नाही. कदाचित तो आपल्या रक्तातूनही चरबी उचलत असेल. दोन्हीही असेल."

"मग 'असेल' कशाला? 'आहे' म्हण. किती शोभतंय!"

"शोभतंय म्हणून कसं म्हणू? बाई म्हणाल्यात, मोजलं नसेल तर मोजलं नाही म्हणायचं. माहीत नसेल तर माहीत नाही."

एवढ्या शिकलेल्या बाईंनी असा सल्ला द्यावा याचं मला वाईट वाटलं. मी पोरीला जवळ बसवून समजावलं. रंगमंचावर 'माहीत नाही' असं वाक्य नसतं. ते आलं की प्रेक्षक चपला शोधायला लागतात. ती हसली, आणि नंतरच्या प्रत्येक तालमीत मी शाल पांघरून तो प्रश्न विचारला की ती म्हणायची, "साठा, काका, साठा," आणि पुढे जायची. मी समजलो, वाक्य पाठ झालं. ती समजत होती, काकाला गप्प करायचा हाच एक उपाय आहे. वहीत मी तो शब्द लाल शाईने लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिचा चेहरा उतरला. मी विचारलं, नापास करतात का? म्हणाली, नापास सहसा करत नाहीत. पण परीक्षकांना वाटलं की काम अपुरं आहे, तर सांगतात, अजून हा एक प्रयोग करा आणि मग या. एक प्रयोग म्हणजे गोठवून ठेवलेले जंतू पुन्हा वितळवायचे, वाढवायचे, निदान सहा महिने. आणि तिला पुढच्या महिन्यात बंगळुरूला कामावर रुजू व्हायचं होतं. ती जागा डॉक्टर झाल्याशिवाय मिळणार नव्हती आणि सहा महिने तिच्यासाठी कुणी ती अडवून धरणार नव्हतं.

"आन् तो कुठला प्रयोग सांगेल?" वहिनींनी विचारलं.

"तू विचारलंस तोच," पुतणी म्हणाली. "त्याने खाल्लं काय."

वहिनींनी त्यानंतर आठवडाभर कसलाच प्रश्न विचारला नाही. भाजीत मीठ किती, हेही नाही. आम्ही ते जेवून ठरवलं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं भावाच्या जीपमधून पुण्याला गेलो. वहिनींच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा. पुतणीने आम्हाला हॉलच्या दारात उभं करून शपथा घातल्या. फोन बंद. टाळ्या नाहीत. निकाल लागेपर्यंत डबा उघडायचा नाही. "आणि काका, तुम्ही मागच्या रांगेत बसा."

मी तिसऱ्या रांगेत, बोलणाऱ्याच्या डाव्या हाताच्या टोकाला बसलो. सवयीची जागा. शेजारी वहिनी, पलीकडे भाऊ. वही मांडीवर उघडून ठेवली. देवनागरीत लिहिलेलं पुतणीचं सगळं इंग्रजी भाषण तिच्यात होतं.

बाहेरचे परीक्षक दक्षिणेकडून आले होते. लहानखुरे, साठीच्या पुढचे. एसी हॉलचा अनुभव असावा, कारण त्यांनी अर्धा स्वेटर आणला होता. त्यांनी बशीतलं बिस्किट संपवलं, बोटं पुसली, मग मान हलवली आणि नाटक सुरू झालं.

पोरगी उत्तम बोलली. दोन वाक्यं गाळली, एक पुढेमागे केलं, पण ते मी सोडून दिलं. पडद्यावर हिरवी-लाल चित्रं येत होती. "फांदीवानी दिसतंय," वहिनी पुटपुटल्या. खरंच, जंतू मोठा व्हायला लागला की त्याची ती एकुलती एक मायटोकाँड्रिया फांद्या फुटल्यासारखी पसरते. पुढचं चित्र एन्झाइम बंद केल्यानंतरचं होतं. फांदी तुकडे होऊन पडलेली. वहिनींनी 'च्च' केलं. मलेरियाच्या जंतूबद्दल कुणी हळहळल्याचं मी आजवर दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

मग प्रश्न सुरू झाले. पहिले पाच-सहा तिने सहज घेतले. परीक्षक हळू बोलत, प्रत्येक प्रश्नानंतर स्वेटर खाली ओढत. शेवटी त्यांनी प्रबंध मिटला, पेन खिशाला लावलं आणि आता सहज म्हणून विचारावं तसं काहीतरी विचारलं. माझं इंग्रजी झेरॉक्सपुरतं आहे, पण त्यातले तीन तुकडे मला लख्ख कळले. फोर डेज. सर्व्हाइव्ह. ऑन व्हॉट.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या छताच्या दिव्याकडे बघत होत्या.

पुतणी गप्प.

एसी तेवढा घरघरत होता. आणि मग, वाचकहो, तिने डावीकडे पाहिलं.

मी मनात तीन आकडे मोजले. आमच्यात तीनपर्यंत मोजतात. चौथ्याला वाट बघणारा प्रॉम्प्टर घरी बसलेला बरा. माझ्या मनात त्या वेळी पदवी नव्हती, बंगळुरू नव्हतं, घेतलेल्या शपथा तर अजिबात नव्हत्या. समोर उजेडात एक माणूस वाक्य विसरून उभं होतं आणि वाक्य माझ्याकडे होतं.

"साठा!" मी कुजबुजलो.

ती हलली नाही. तिला ऐकू गेलं नसावं असं वाटून मी जरा सविस्तर दिलं. "साठा... आईचा साठा!"

माझी कुजबुज चांगली आहे हे मी वर लिहिलंच आहे.

अध्यक्षांनी चष्मा काढला. मार्गदर्शक बाईंनी कपाळाला हात लावला आणि तो तिथेच राहू दिला. पहिल्या रांगेतली मुलं मागे वळून बघू लागली. मीही त्यांच्याबरोबर मागे वळून बघितलं, पण मागे कुणी नव्हतं. परीक्षक खुर्चीसकट सावकाश वळले.

"साठा?" त्यांनी विचारलं. "व्हॉट इज साठा?"

उच्चार स्वच्छ होता. 'ठ' इतका नीट आमच्या गावातल्या दोन नटांना जमत नाही.

नंतर कळलं की तिच्या डावीकडे पाण्याची बाटली होती. ती विसरली नव्हती. पाणी प्यावं आणि मग उत्तर द्यावं, एवढाच तिचा विचार होता. एका बाटलीने माझा सत्तावीस वर्षांचा नियम मोडला.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी ओळखलं. 'चालती हो' नंतर नटाने विंगेकडे असंच पाहिलं होतं. मग ती परीक्षकांकडे वळली आणि इंग्रजीत बोलली. तिने काय सांगितलं ते तिनेच मला पुढे मराठीत समजावलं, ते असं: साठा म्हणजे स्टॉक. हे माझे काका आहेत, गावच्या नाटकात प्रॉम्प्टर असतात. त्यांचं म्हणणं की जंतू आईकडून आलेल्या चरबीच्या साठ्यावर चार दिवस जगला. मला ते उत्तर आवडतं, आणि ते खरंही असू शकेल. पण मी ते मोजलेलं नाही, म्हणून ते इथे सांगू शकत नाही. आय डोन्ट नो.

शेवटचे तीन शब्द वहिनींना थेट कळले. त्यांना इंग्रजी येत नाही, पण हे येतं. पर्यटकांनी शिकवलंय. खोलीतला कप कुणी फोडला असं विचारलं की दर रविवारी हेच उत्तर मिळतं. वहिनींचा लाडवांच्या डब्यावरचा हात घट्ट झाला.

परीक्षकांनी आणखी एक प्रश्न विचारला. मोजायचं झालं तर कसं मोजशील? यावर पोरगी फळ्याकडे गेली आणि दहा मिनिटं थांबली नाही. आईच्या चरबीवर खूण कशी करायची, ती खूण मुलींत आणि नातींत किती उतरते ते कसं बघायचं, बाहेरून उचललेली चरबी वेगळी कशी ओळखायची. दोन बाण काढले. एका बाणावर परीक्षकांनी स्वतः उठून 'साठा' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं. पुढे ते दोघंही तोच शब्द वापरत राहिले. साठा हायपॉथिसिस, साठा मॉडेल. मी मांडीवरची वही मिटली. यातलं एकही वाक्य तिच्यात नव्हतं.

मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. दार बंद झालं. आत निकाल ठरणार.

व्हरांड्यात पायरीवर पुतणी बसली. मी दोन पायऱ्या सोडून बसलो.

"काका."

"बोल."

"मागच्या रांगेत बसा म्हटलं होतं."

"मागून आवाज पोचला नसता."

ती हसली नाही. भावाने खांबाला टेकून विचारलं, "मंग आता काय, सा म्हयनं?"

"बघू, बाबा."

मी जन्मभर लोकांना त्यांची वाक्यं दिली. ज्याची त्याला दिली, वेळेवर दिली, आणि पडदा पडल्यावर माझं नाव कुणी घेतलं नाही तरी मला चाललं. त्या व्हरांड्यात मला पहिल्यांदा वाटलं की आपण एका पोरीला दुसऱ्याचं वाक्य दिलं, आणि तेही तिचं स्वतःचं ओठांवर आलेलं असताना. हे मी तिला सांगणार होतो. पण ते पाठ केलेलं नव्हतं.

वहिनी तिच्याजवळ गेल्या.

"त्येच इचारलं ना त्यांनी? मी इचारलं व्हतं त्येच?"

"व्हय आई."

"आन् तू म्हनलीस, माहीत न्हाई."

"व्हय."

"मोठ्यांदी म्हनलीस."

"व्हय आई."

वहिनींनी डब्याचं झाकण दाबून पाहिलं, नीट बसलंय की नाही. लाडू आता आल्या पावली परत जाणार, असा त्यांचा हिशेब झालेला दिसला. आमच्या वहिनी कशा आहेत ते इथे सांगितलं पाहिजे. एकदा एका पर्यटकाचा फोनचा चार्जर खोलीत राहिला. त्याने फोनवर सांगितलं, जुना आहे, टाकून द्या. वहिनींनी तो दुसऱ्या दिवशी एसटीने पौडला आणला आणि माझ्या दुकानात उभं राहून मला कुरिअर करायला लावला. जे आपलं नाही ते त्यांच्या घरात रात्रभर राहू शकत नाही.

दार उघडलं. सगळे आत गेले. परीक्षक उभे राहून दोन मिनिटं इंग्रजीत बोलले, आणि शेवटी त्यांनी पोरीच्या आडनावाआधी 'डॉक्टर' लावलं. तेच अध्यक्षांनी मराठीत सांगितलं: काम पसंत आहे, पदवीची शिफारस करत आहोत, राहिलेला प्रयोग पुढे जमेल तेव्हा करावा, पदवीसाठी त्याची अट नाही. टाळ्या झाल्या. भावाने शपथ मोडून दोन्ही हातांनी वाजवल्या. बाईंनी पोरीला मिठी मारली. मी डोळे पुसले, आणि नियमाप्रमाणे समोर बघत पुसले, म्हणजे तो अभिनय समजला जावा.

परीक्षक गर्दीतून वाट काढत आमच्या रांगेपाशी आले. मला म्हणाले, "मिस्टर साठा," आणि माझा हात हातात घेऊन हलवला. मग वहिनींसमोर उभे राहिले, दोन्ही हात जोडले आणि मान लववली.

वहिनींनी हात जोडले नाहीत. डबा पोटाशी धरून त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर आनंद नव्हता, काळजी होती. भला माणूस दिसतोय, लांबून आलाय, वय झालंय, घाईत काहीतरी चुकतोय, आणि आपल्याला कळत असून आपण गप्प बसलो तर उद्या त्याच्यावर ठपका येईल. मी तीन आकडे मोजले. चौथ्याला प्रॉम्प्ट करणार नाही, असं ठरवूनच मोजले. त्याची गरज पडली नाही. आमच्या वहिनी, ज्यांनी पाच वर्षं गावाला एकच उत्तर दिलं होतं, त्या भर हॉलमध्ये, एसीच्या वरच्या पट्टीत म्हणाल्या,

"आवो सायेब, पर ती तर माहीत न्हाई म्हनली की!"